विषय: पाळणाघराचा खर्च, दवाखान्याची बिलं आणि राजधानी रॉलीतली चर्चा

प्रेषक: केरीहून, लहान मुलीची आई

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हा विषय बुडून जाईल म्हणून वेगळं लिहिते. मार्च २०२५मध्ये आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी पाळणाघरं आणि बालशिक्षण यांच्यासाठी एक कृतिदल नेमलं. लेफ्टनंट गव्हर्नर रेचल हंट डेमोक्रॅट, सिनेटर जिम बर्गिन रिपब्लिकन, आणि अध्यक्षपद दोघांकडे मिळून. रेचल यांचे वडील जिम हंट गव्हर्नर असताना १९९३मध्ये त्यांनीच 'स्मार्ट स्टार्ट' ही लहान मुलांसाठीची योजना सुरू केली होती. म्हणजे या राज्याला हा विषय नवा नाही. तरीही आज डेकेअरची फी ऐकली की पोटात गोळा येतो.

फी एवढी का, हे मी आमच्या डेकेअरच्या बाईंशी बोलून समजून घेतलं. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या वर्गात पाच बाळांमागे एक शिक्षिका हवी, असा इथला नियम आहे. तो योग्यच आहे. पण त्या पाच घरांच्या पैशांतून तिचा पगार, जागेचं भाडं, विमा, दूध-खाणं सगळं भागवायचं. आईबापांना फी झेपत नाही आणि शिक्षिकेला पगार पुरत नाही. ती नोकरी सोडते, वर्ग बंद होतो, प्रतीक्षा यादी वाढते. कोविडच्या काळात केंद्राकडून आलेल्या पैशांनी हे पगार जरा सावरले होते. तो पैसा आता संपला.

आपल्यातल्या कितीतरी जणी एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगी हातात असूनही घरी आहेत, कारण पगार आणि फी यांचा हिशेब जुळत नाही. माझी विनंती एवढीच: आपापल्या भागाच्या राज्य प्रतिनिधीला आणि सिनेटरला लिहा. महिन्याची फी किती, यादीत किती थांबावं लागलं, कोणाला नोकरी सोडावी लागली, हे लिहा. त्यासाठी मताचा अधिकार लागत नाही.

---

प्रेषक: एपेक्सहून, मंडळाचे एक जुने सभासद

तुमची कळकळ पोचली. दोन शंका विचारतो, राग मानू नये. आमच्या वेळी आई यायची, मग सासूबाई यायच्या, मुलं वाढली. आजही बहुतेक घरांत आजी-आजोबा सहा महिने येतातच. दुसरं, या राज्यात लोकांची दवाखान्याच्या बिलांची कर्जंसुद्धा माफ झाली म्हणे. ज्यांनी काटकसर करून बिलं भरली त्यांनी काय करायचं? आणि हे पैसे भरतं कोण?

---

प्रेषक: मॉरिसविलहून

काका, नमस्कार. कर्जाचं मी सांगतो, कारण त्या अनुभवातून आमचं कुटुंब गेलंय.

बाबा इथे आले असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. आम्ही पाहुण्यांसाठीचा स्वस्त विमा घेतला होता. त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं सगळं आपल्या अंगावर. बाबा बरे झाले, देवाची कृपा. मग पाकिटं यायला लागली: रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं. विमा कंपनीच्या कागदावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही', आणि त्याखाली आकडे असे की बाबांनी जेवण टाकलं. "मला परत पाठव," एवढंच म्हणत होते.

एका शेजारणीने सांगितलं म्हणून आम्ही बिलाचा तपशील मागवला, ओळ न् ओळ. एकच तपासणी दोनदा लावलेली होती, ती कमी झाली. मग आर्थिक मदतीचा अर्ज केला. ना-नफा रुग्णालयांना असं धोरण ठेवणं केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आलेला अर्ज त्यांना घ्यावाच लागतो. रहिवासाची अट असू शकते, म्हणून धोरण आधी नीट वाचा. आम्हाला पूर्ण माफी मिळाली नाही, पण बरीच सूट मिळाली. अर्ज भरताना बाबांना मान खाली घालावीशी वाटत होती. आपल्या लोकांत ही लाज फार आहे, आणि तिच्यापायी लोक क्रेडिट कार्डावर बिलं भरून वर्षानुवर्षं व्याज देत बसतात.

आता पैसे कोण भरतं ते. २०२४मध्ये राज्याने रुग्णालयांपुढे प्रस्ताव ठेवला: मेडिकेडखाली (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) जास्तीचा मोबदला घ्या, त्या बदल्यात २०१४पासूनची गरजू रुग्णांची थकबाकी सोडा. पात्र असलेली ९९च्या ९९ रुग्णालयं तयार झाली. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने जाहीर केलं की २५ लाखांहून अधिक लोकांची साडेसहा अब्ज डॉलरपेक्षा जास्त थकबाकी गेली. यातली बरीचशी रक्कम कधी वसूल होणारच नव्हती, फक्त लोकांच्या मानेवर बसून होती. पुढचंही बांधलंय: ठरावीक उत्पन्नाच्या आत असलेल्यांना ५० ते १०० टक्के सूट, व्याजाला ३ टक्क्यांची मर्यादा, आणि कर्जफेडीचा अहवाल ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांकडे थकबाकीची नोंद नाही.

पण हा रुग्णालयांशी झालेला करार आहे, कायदा नव्हे. २०२३मध्ये अशाच आशयाचं विधेयक राज्याच्या सिनेटने मंजूर केलं होतं, खालच्या सभागृहात ते अडलं. केंद्राने क्रेडिट अहवालातून वैद्यकीय कर्ज काढण्याचा नियम केला, तोही जुलै २०२५मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्द केला. म्हणून काका, पत्रात पाळणाघराबरोबर हाही मुद्दा हवा.

---

प्रेषक: केरीहून

काका, राग कसला? आजीबद्दल मात्र बोलते. माझ्या सासूबाई आल्या होत्या. गुडघे दुखत असताना नातीला कडेवर घेऊन जिने चढायच्या, बाहेर बर्फ, ओळखीचं कोणी नाही. त्या प्रेमाने करतात, पण त्यांच्या प्रकृतीवर आपण आपल्या नोकऱ्या उभ्या करायच्या, हे मला पटत नाही. आणि वरची मेल वाचलीत ना? तिथेच आजारपण आलं तर दोन्ही खर्च एकाच घरावर.

उपाय दिसताहेत. मिशिगनने २०२१मध्ये 'ट्राय-शेअर' सुरू केलं: फीचा एक वाटा आईबाप, एक त्यांची कंपनी, एक सरकार. आपल्या राज्यानेही २०२३च्या अंदाजपत्रकात त्याच्या प्रयोगासाठी पैसे ठेवले. न्यू मेक्सिकोने तर नोव्हेंबर २०२५पासून पाळणाघराच्या सरकारी मदतीसाठीची उत्पन्नाची अटच काढली. आणि ज्यांच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए (पाळणाघराच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) आहे त्यांनी लक्षात ठेवा, २०२६पासून त्याची मर्यादा ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे.

पत्राचा मसुदा मी करते, बिलांचा परिच्छेद मॉरिसविलकरांनी लिहावा. काका, इथला तुमचा अनुभव मोठा आणि मतही आहे, तुमची सही पहिली हवी. बाकीच्यांनी आपले आकडे मला वेगळे पाठवा, मुलांची किंवा डेकेअरची नावं लिस्टवर टाकू नका.