मिंग घराणं नेमकं कशानं बुडालं? मदत हवी आहे

मंडळी, चीनच्या मिंग घराण्याच्या (१३६८ ते १६४४) शेवटाबद्दल वाचतोय आणि डोकं चक्रावलंय. चोंगझन बादशहानं खर्च वाचवायला बऱ्याच टपाल चौक्या बंद केल्या. त्यात नोकरी गेलेला ली झिचेंग पुढे बंडखोरांचा म्होरक्या झाला आणि १६४४ मध्ये थेट बीजिंगमध्ये घुसला. बादशहानं राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. काटकसर इतकी अंगाशी यावी! मग मिंगांचाच सेनापती वू सानग्वेनं शानहाई खिंडीतून मांचूंना (चीनच्या ईशान्येकडचे लोक, चिंग घराण्याचे राज्यकर्ते) आत घेतलं, ते १९१२ पर्यंत हललेच नाहीत.

पण मुळात तिजोरीत खडखडाट का झाला? कर चांदीत भरायचा, त्यात दुष्काळ, वर मांचूंशी लढायला जादा कर. यातलं मुख्य कारण कोणतं धरायचं? चांदीची भानगड कुणी सोप्या भाषेत समजावेल का? मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.