ऐतिहासिक रहस्यकथा: पोरांना गोडी लागते की खोटंच डोक्यात बसतं?

वाचनवेडी: भाची नववीत आहे. सनावळ्या म्हटलं की जांभया. सुट्टीत नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवती रचलेली एक रहस्यकादंबरी हाती पडली आणि बाईसाहेब दोन रात्री जागल्या. तिसऱ्या दिवशी विचारते, "आत्या, तो अठराच वर्षांचा होता?" ३० ऑगस्ट १७७३ ही तारीख पाठ केली असती तर आठवड्यात विसरली असती. शनिवारवाड्यात गारद्यांपुढे (पगारी पहारेकरी शिपायांपुढे) धावणारा आपल्याहून चारच वर्षांनी मोठा होता, हे ती आता विसरायची नाही. या वयात अशी पुस्तकं भरपूर द्यावीत.

खडूस_मास्तर: ताई, पुढचा प्रश्न 'ध'चा 'मा' कसा केला, हाच ना? नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्या पत्रात त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईनं, 'धरावे'चं 'मारावे' केलं ही आख्यायिका, पण पोरं उत्तरपत्रिकेत छातीठोकपणे लिहितात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरलं, ते राहतं बाजूला आणि अडीचशे वर्षं शिव्या खाते आनंदीबाई. रहस्यकथेला शेवटच्या पानावर धक्का हवा असतो, त्यात अशी माणसं फुकट भरडली जातात.

बोरू_टाक: मास्तर, त्या पत्राचंच घ्या. मी मोडी, म्हणजे त्या काळची लिपी, शिकतोय. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची, शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (पहिल्या महिन्यात मला स्वतःचंच लिहिलेलं लागत नव्हतं!) असा कागद समोर आला की "एक अक्षर फिरवलं" हे सहज पटतं. म्हणून लेखकानं कथेत कुणाला तरी तो कागद तपासायला लावावा. शाई तीच का, वळण त्याच हाताचं का, मुळात असा कागद होता का? मग पोरं आपणहून शंका काढतील. तुमच्या फळ्यावर हे जमतं का?

खडूस_मास्तर: नाही जमत, कबूल. पण कादंबऱ्यांत तरी कागद तपासतंय कोण? भुयार, नकाशा, पुरलेला खजिना!

वाचनवेडी: भुयार हिच्याही पुस्तकात आहे 😄 पण शेवटी दोन पानांची टीप आहे, खरं किती आणि रचलेलं किती. तिनं ती वाचलेली नाही. आज वाचायला लावते.

खडूस_मास्तर: बघा! टीप शेवटी कशाला? पहिल्या पानावर छापा.

बोरू_टाक: म्हणजे खुनी पहिल्याच पानावर सांगायचा? मास्तर, तुमच्या वर्गात पोरं का झोपतात ते कळलं.