दंडावरचा वण, करंगळीवरची शाई

देवी, पोलिओ, कोविड. आपल्याकडे प्रत्येक पिढीच्या वाट्याला लसीकरणाची एक मोठी मोहीम आली. रांगेत उभं राहिलेल्यांच्या आणि दारोदार फिरलेल्यांच्या आठवणी मात्र घराबाहेर फारशा आल्याच नाहीत. तुमच्या लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलंत तर फारच उत्तम.

सुरुवात मी करतो. आईच्या दंडावर दोन खोलगट वण होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत बसायचो. "देवी काढल्यात," एवढंच ती सांगायची. टोचणारा आला की पोरं धान्याच्या कणगीमागे लपत. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. माझ्या मुलीच्या दंडावर तो वण नाही, याचा मला फार आनंद आहे.

*

मी आरोग्यसेविका होते. पोलिओ रविवारी लसवाहक खांद्याला, आत बर्फाच्या पिशव्या. कुपीवर एक गोल, त्यात फिकट चौकोन. ऊब लागली की चौकोन काळवंडतो. गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. उन्हात माझी नजर सतत तिकडेच. बाळाला दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाई.

खरं काम सोमवारपासून. घरातली सगळी मुलं झाली की दारावर खडूने 'पी', कुणी राहिलं की फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं. एका घरी आजी दारातच उभ्या: "इतक्यांदा फुकट पाजता, म्हणजे काहीतरी असणारच!" त्यांना रागावून काय उपयोग? भीती नातवासाठीच होती. तिसऱ्या खेपेला मी माझ्या धाकटीला बरोबर नेलं आणि त्यांच्यासमोर तिच्या तोंडात थेंब टाकले. आजी काही बोलल्या नाहीत, आत जाऊन लेकराला घेऊन आल्या. फुली पुसताना माझा हात थरथरत होता.

*

भावाचे डोस राहून गेले आणि १९८९ मध्ये त्याला पोलिओ झाला. देशभर पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ ला. पुढे स्वतःच्या मुलाला बूथवर तोच न्यायचा, कॅलिपर लावून, दुसऱ्या कुणाला नेऊ द्यायचा नाही. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. बातमी ऐकून तो बराच वेळ गप्प होता.

*

१६ जानेवारी २०२१, कोविड लसीकरणाचा पहिला दिवस. मी परिचारिका, त्यामुळे पहिल्याच गटात. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. शेजारच्या खुर्चीवर आमच्या वॉर्डातल्या सफाईकामगार मावशी होत्या. वर्षभरात आम्ही दोघी एकमेकींशेजारी निवांत अशा पहिल्यांदाच बसलो होतो.