लंडन: आई-बाबांना रविवारी ब्रिटिश जेवायला कुठे नेऊ? (आई शाकाहारी, बीफ नको)

सातारकर_ईलिंग
नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच आलेत. बाबा म्हणतात, एवढ्या लांब येऊन रोज पोळीभाजीच खायची का, इथली माणसं रविवारी काय जेवतात ते एकदा निवांत बसून खायचंय. आई शाकाहारी, अंडं चालतं. बाबा चिकन-मासे खातात. बीफ-पोर्क दोघांनाही नको. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून जिने नकोत. तिघांचे मिळून ७५ पौंड, त्याच्या वर नाही. झगमगाट नको, आपल्या एरियातलं, माणसं नीट बोलतील असं साधं ठिकाण हवंय.

कोथरूड_ते_किंग्स्टन
रूल्स! कोव्हेंट गार्डनच्या मेडन लेनमध्ये, १७९८ पासून चालू आहे. सासऱ्यांना नेलं होतं, अजून सगळ्या नातेवाइकांना सांगतात. स्टेक अँड किडनी पुडिंग घ्याच. पैशाकडे बघू नका हो, आईवडील रोज येतात का?

लीड्सची_मावशी
अहो दादा, बीफ नको असं लिहिलंय ना त्यांनी, आणि तुम्ही बीफ घातलेलं किडनी पुडिंग काय सांगताय!
सातारकर, बीफ नुसतं मांस म्हणून येत नाही हे लक्षात ठेव. रोस्ट म्हणजे इथलं रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण, त्याबरोबरचे बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग (मैदा-अंड्याचं, फुगवून भाजलेलं, गोड नसतं) बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या चरबीत, नाहीतर बदकाच्या चरबीत करतात, ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. आमच्या इकडे तर फिश अँड चिप्ससुद्धा ड्रिपिंगमध्येच तळतात, त्यामुळे नुसते चिप्स आहेत म्हणून आईला खुशाल देऊ नकोस. आधी फोन कर आणि सरळ विचार, कशात तळता, कशात भाजता.

वेंब्लीवाला
डिशूम या भारतीय रेस्टॉरंटला न्या, आई खूश होतील. काळी डाळ एक नंबर.

कोथरूड_ते_किंग्स्टन
डिशूम ब्रिटिश कधीपासून झालं?

वेंब्लीवाला
का नाही? २००१ मध्ये इथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनीच भाषणात चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ आहे असं म्हटलं होतं.

लीड्सची_मावशी
अरे पण बाबांना आपलंच जेवण नकोय ना! धागा भरकटवू नका.

नळीप्रेमी
सेंट जॉन, स्मिथफिल्ड. १९९४ पासून आहे. भाजलेली नळी, बरोबर पार्सलीचं सॅलड आणि टोस्ट. मटणाची नळी ओरपणाऱ्या माणसाला दुसरं काही आवडूच शकत नाही. ईलिंग ब्रॉडवेहून एलिझाबेथ लाईनने थेट फॅरिंग्डन, जिने नाहीत, तिथून थोडं चालायचं.

ठाण्याची_पोर
ती नळी वासराची असते, बीफच झालं ते. आणि आईंनी काय खायचं तिथे?
मावशींना अनुमोदन, फोन करून विचाराच. माझ्याकडून अजून एक, वेल्श रॅबिट म्हणजे चीज टोस्ट म्हणून मागवाल तर त्यात वूस्टरशर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासे. माझ्या काकूने एका कॅफेत अख्खा खाल्ला, मग कळलं, दिवसभर जेवली नाही बिचारी. आणि बिलात बऱ्याच ठिकाणी १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावून येतो, म्हणजे ७५ मध्ये बसवायचं तर मेनूवरचे ६६ पौंडांच्या आत ठेवा. साधं पाणी टॅप वॉटर म्हणून मागा, फुकट मिळतं.

बो_रोडचा_बंड्या
टॉवर ब्रिज रोडला मान्झे, १९०२ पासूनचं पाय अँड मॅशचं (खिमा भरून भाजलेली पेस्ट्री आणि कुस्करलेले बटाटे) दुकान, संगमरवरी टेबलं, लाकडी बाकं, एकदम स्वस्त. तुमच्या बजेटमध्ये बसणारं सांगणारा मी एकटाच आहे इथे.

ठाण्याची_पोर
पायमध्ये बीफचाच खिमा असतो दादा.

मुलुंड_पूर्व
कुठेही जा, पण बुक करून जा. आम्ही एका पबमध्ये तीनला पोचलो तर चिकन संपलेलं, बटाटे गार, आणि तरी पूर्ण पैसे घेतले. रोस्ट दुपारचं असतं, संपलं की संपलं.

लीड्सची_मावशी
हेच सांगणार होते. आणि फोन कर रे.

सातारकर_ईलिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. रूल्सचं बघितलं, बजेटच्या बाहेर जातं, आणि कोव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टला गर्दी असली तर १९३ पायऱ्या, बाबांना जमणार नाही. शेवटी आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरचा पब ठरवला, इथे कोणीच सुचवला नव्हता. मावशींनी सांगितलं तसं जाऊन विचारलं. बारवरच्या बाईंनी आत शेफला विचारून सांगितलं की आईसाठी नट रोस्ट (सुक्या मेव्याचा भाजलेला शाकाहारी पदार्थ) वेगळ्या ट्रेमध्ये, तिचे बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग तेलात, ग्रेव्ही भाज्यांची. बाबांना अर्धं रोस्ट चिकन. शेवटी तिघांत एक स्टिकी टॉफी पुडिंग. रविवारी एकचं टेबल बुक केलंय, खिडकीजवळचं, आत जायला पायरी नाही.

कोथरूड_ते_किंग्स्टन
पबमध्ये काय नेता आईवडिलांना! रूल्सचा विचार करा परत.

ठाण्याची_पोर
दुपारी पब म्हणजे घरची मंडळीच असतात, पोरंबाळं, आजी-आजोबा. सातारकर, बऱ्याच पबमध्ये ऑर्डर बारवर जाऊन द्यावी लागते, तेव्हा टेबल नंबर बघून ठेवा आणि आईचं वेगळं करायचंय ते ऑर्डर देताना परत एकदा सांगा.