मदत हवी आहे: एफसीआरए नोंदणी नाही, परदेशी निधीतून शिक्षक प्रशिक्षण कसं करायचं?

नमस्कार मंडळी. गोवंडी-मानखुर्दच्या बालवाडीताई आणि पालिका शाळांतल्या शिक्षकांसाठी आमचा छोटा ट्रस्ट प्रशिक्षण घेतो. युरोपातल्या एका फाउंडेशनला यात भागीदारी करायची आहे, पण आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची नोंदणी नाही.

ते म्हणतात, पैसे पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला देतो, तिच्याकडून तुम्ही घ्या. या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी अशी पुढे देताच येत नाही, घेणाऱ्याची नोंदणी असली तरी! हे त्यांना पटवताना नाकी नऊ आले. नोंदणीसाठी तीन वर्षांत कामावर किमान 15 लाख खर्च दाखवावा लागतो. आम्ही तिथवर पोचत नाही. म्हणून नोंदणीऐवजी सरकारकडे फक्त या एका देणगीपुरत्या पूर्वपरवानगीचा अर्ज करतोय. त्यासाठी ठरावीक रकमेचं, ठरावीक कामाचं हमीपत्र द्यायला फाउंडेशन तयार आहे.

अडलंय ते प्रशिक्षकांच्या मानधनावर. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा. प्रशिक्षण हेच मुख्य काम असेल तर हे मानधन त्यातून वगळतात, पण आमच्या ट्रस्ट डीडमध्ये नुसतं ‘शैक्षणिक कार्य’ लिहिलंय. तेवढं पुरतं का, की आधी धर्मादाय आयुक्तांकडे बदल करून घ्यावा? सीएंची मतं दोन टोकांची आहेत, त्यामुळे स्वतः अर्ज केलेल्यांनीच सांगा.

शिवाय परदेशी देणगी घ्यायला लागणारं दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं मुंबईतल्या शाखेतून कोणी उघडलंय का?

आणि ब्रिटिश मदतीतून झालेलं टेस-इंडिया या शिक्षक प्रशिक्षण प्रकल्पाचं हिंदी साहित्य कोणी मराठीत वापरलं असेल तर तेही कळवा.