टेराफॉर्मच्या स्टेटला लॉक लावलं तरी ‘की’ (key) चुकली तर?

वर दोघातिघांनी लिहिलंय की टेराफॉर्मचं (कोडमधनं सर्व्हर वगैरे उभं करायचं टूल) स्टेट, म्हणजे काय काय उभं केलंय त्याची फाईल, एसथ्रीवर (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) ठेवा, एका वेळी एकालाच ती बदलता यावी म्हणून लॉकिंग चालू करा, विषय संपला. लॉकिंग पाहिजेच की, आणि टेराफॉर्म 1.10 पासून युज-लॉकफाईल (लॉकची फाईल एसथ्रीवरच ठेवायची सेटिंग) आल्यावर त्यासाठी डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसात वेगळं टेबलसुद्धा लागत नाही, पण लॉक हे त्या ‘की’पुरतंच (एसथ्रीच्या बकेटमधला स्टेट फाईलचा पाथ) असतंय, बॅकएंडमधली (स्टेट कुठं ठेवायचं ते सांगणारा कोडचा भाग) कीच चुकीची असली तर लॉक बिचारा काय करणार.

आमच्या बेळगावच्या ऑफिसात हेच झालं. एकानं जुन्या सर्व्हिसचं फोल्डर कॉपी करून नवीन सर्व्हिस सुरू केली, बॅकएंड ब्लॉकमधली की बदलायची राहून गेली. इनिट (फोल्डर बॅकएंडला जोडणारी कमांड) कुरकुर न करता झालं, लॉक पण मिळालं, आणि प्लॅनमध्ये (काय काय बदलणार त्याची यादी) जुन्या सर्व्हिसचं सगळं डिस्ट्रॉय, कारण ते स्टेटमध्ये होतं पण नवीन कोडमध्ये नव्हतं! दोन शेतांच्या आरटीसीवर (कर्नाटकातला सातबारा) एकच सर्व्हे नंबर चढवल्यासारखी गत (इकडं हे पण बघितलंय म्हणा). नशीब पोरानं यस टाईप करायच्या आधी हाक मारली.

तेव्हापासून की हातानं लिहायची बंद. बॅकएंड ब्लॉकमध्ये व्हेरिएबल चालत नाहीत म्हणून की तिथं ठेवतच नाही, सीआय (कोड आपोआप तपासून चालवणारी सिस्टीम) फोल्डरच्या पाथवरनं ती बनवते आणि इनिटला बॅकएंड-कॉन्फिग या ऑप्शनमधनं देते, सोबत इनपुट=फॉल्स, म्हणजे की नसली तर विचारत बसत नाही, सरळ एरर. शिवाय अलाऊड-अकाउंट-आयडीज टाकलंय, चुकून दुसऱ्या अकाउंटच्या क्रेडेन्शियलनं चालवलं तर तिथंच अडतंय. बकेटचं व्हर्जनिंग (फाईलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणं) मात्र आधीपासून चालू होतं, तेवढं शहाणपण होतं.