वीरगळांसमोरच्या फलकावर नेमके काय लिहावे?

देवनदीकाठ
सिन्नर तालुक्यातील आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे ओट्याला टेकवलेले काही वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळा, आहेत. त्यांपैकी एकावरचे तिन्ही कप्पे स्पष्ट दिसतात, बाकीच्यांवर शेंदूर आणि तेलाचे इतके थर चढले आहेत की खालचे शिल्प हाताने चाचपूनच कळते. ग्रामपंचायतीने यंदा माहितीफलकासाठी थोडी रक्कम ठेवली असून मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी आणि गोंदेश्वराचे मंदिर आमच्यापासून जवळच, तेव्हा फलकावर ‘यादवकालीन वीरांच्या समाध्या’ असे ठळक अक्षरांत लिहावे, असा काही मंडळींचा आग्रह आहे. एकाही शिळेवर लेख मात्र दिसत नाही. अशा वेळी काळ लिहावा का, परवानगी कोणाची घ्यावी आणि शेंदूर काढून घ्यावा का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिळाप्रेस
‘समाधी’ हा शब्द टाळावा. वीरगळ हे स्मारक असते. त्याखाली कोणाला पुरलेले किंवा दहन केलेले असतेच असे नाही, आणि तुमच्याकडच्या शिळा तर मूळ जागेवरून हलवून ओट्याला लावलेल्या दिसतात. फलकाचा खरा मजकूर त्या तीन कप्प्यांतच आहे. तळाच्या कप्प्यात बहुधा लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो. तेथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधन सोडवताना पडला असे समजतात. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतील तर त्यांचा अर्थही लिहावा: ते आकाशात आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो. एखाद्या शिळेवर बांगड्या घातलेला, कोपरात वाकलेला हात असेल तर ती सतीशिळा आहे. तिला वीरगळांच्या संख्येत धरू नये.

काळाविषयी माझे मत स्पष्ट आहे. वीरगळ उभारण्याची चाल यादवांच्या आधीही होती आणि नंतरही चालू राहिली, त्यामुळे लेखाशिवाय केवळ गोंदेश्वराच्या शेजारामुळे शिळेला यादवकालीन ठरवता येत नाही. लेख नाहीच, असेही इतक्यात ठरवू नका. अंधार पडल्यावर विजेरी शिळेला जवळजवळ चिकटवून प्रकाश आडवा सोडा आणि दोन कप्प्यांमधल्या पट्ट्या नीट पाहा. दिवसा न दिसणारी झिजलेली अक्षरे अशा प्रकाशात उठून येतात. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये.

गोवर्धनचा वाटसरू
थोडे व्यापक लिहितो. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक संरक्षित स्थळांवरचा निळा फलक वाचला की नासधूस करणाऱ्यास किती शिक्षा आणि किती दंड होईल ते कळते, पण नासधूस कशाची करायची नाही ते कळत नाही. (दंडाची रक्कम तोंडपाठ असलेले आणि मंदिराचा काळ ठाऊक नसलेले पुष्कळ लोक मला भेटले आहेत.) वास्तविक सांगण्यासारखे किती आहे! नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण घ्या. दहाव्या लेण्यातील लेखानुसार नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील (पावसाळ्यात लेण्यात मुक्कामी असलेल्या) वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत, अशी व्यवस्था होती. हिशेब करून पाहा, वर्षाचे व्याज आणि वाटप दोन्हीकडे 240 चा आकडा बरोबर जुळतो. एवढे पाच ओळींत लिहिले तर लेण्यांत आलेला शाळकरी मुलगाही थांबून वाचेल. अंजनेरीचा शके 1063 चा लेखही असाच आहे: चंद्रप्रभ तीर्थंकराच्या जैन मंदिराला दिलेल्या दानात चक्क दुकाने आहेत. तुमच्या गावात लेख नसला तरी नियम तोच, म्हणजे दगडावर जे दिसते ते आधी आणि विशेषणे नंतर, किंवा मुळीच नाहीत.

तालुका कचेरी
परवानगीपुरते लिहितो. जागा केंद्राच्या 1958 च्या किंवा राज्याच्या 1960 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहे का, हे प्रथम पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारावे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील 200 मीटरांत परवानगी लागते. संरक्षण नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयास त्याची प्रत आणि शिळांची छायाचित्रे द्यावीत. फलकाच्या खांबासाठी खणताना जुनी नाणी किंवा मूर्ती निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे गुप्तधनाबाबतच्या 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती देवळात नेऊन बसवायची नसतात.

शिळाप्रेस
शेंदराचे राहिले होते. तो पूजेचा भाग आहे, त्यामुळे गावाला न विचारता हात लावू नये, आणि गावाने होकार दिला तरी तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरू नये. थरांबरोबर नक्षीही जाते. ते काम पुरातत्त्व रसायनज्ञाचे आहे. तोवर नवा ऑइलपेंट लागू न देणे आणि शिळा सिमेंटात न बसवणे एवढे पुरे आहे.

देवनदीकाठ
सर्वांचे आभार. ग्रामसभेपुढे पुढील मजकूर ठेवतो आहे: ‘हे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांची स्मारके आहेत. खालच्या कप्प्यात युद्ध, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजा कोरली आहे. शिळांवर अद्याप लेख आढळला नसल्याने त्यांचा काळ निश्चित झालेला नाही. कृपया रंग, तेल व सिमेंट लावू नये.’ देणगीदारांची नावे याच फलकावर हवीत, अशी मागणी येणार हे गृहीत धरले आहे.

गोवर्धनचा वाटसरू
मजकूर उत्तम आहे. देणगीदारांची नावे मागच्या बाजूला घ्या. फलक शिळांपासून चार हात दूर, स्वतंत्र खांबावर लावा आणि पत्र्याऐवजी कोरलेल्या दगडाचा करा, कारण रंगवलेली अक्षरे उन्हापावसात टिकत नाहीत.